मंगळाशी बोलायचं कसं, मंगळावर पोचायचं कसं

साताऱ्यात किंवा सांगलीत कुठल्याही शाळेत आकाशदर्शन ठेवा, दुर्बिणीच्या रांगेतलं एक तरी पोरगं विचारतंच: "मंगळावर फोन लागेल का?" लागतो, आणि रोज लागतो. तिथल्या गाड्या आणि भोवती फिरणारी यानं रोज पृथ्वीशी बोलतात. फक्त त्या बोलण्यात ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ याला जागा नाही.

रेडिओ लहर प्रकाशाच्याच वेगाने, सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जाते. सातारा ते सांगली सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर. हे अंतर कापायला लहरीला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचा निम्मा वेळही लागत नाही, त्यामुळे लहरीलाही वाट चालावी लागते हे आपल्याला कधी जाणवत नाही. चंद्रापर्यंत सव्वा सेकंद. मंगळ मात्र अगदी जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास असतो आणि सूर्यापलीकडे गेला की ४० कोटींपर्यंत जातो. म्हणजे निरोप एका बाजूने पोचायला ३ ते २२ मिनिटं. मंगळ लांब असताना आईने रात्री आठ वाजता "जेवलास का रे?" असं विचारलं, तर लेकाचं "हो" यायला पावणेनऊ वाजत येतात.

भारी यंत्र घेतलं म्हणून हा उशीर कमी होत नाही, कारण प्रकाशापेक्षा जलद काही नाही. त्यामुळे मंगळाच्या बाबतीत बोलणं आणि जाणं या दोन वेगळ्या अडचणी नाहीत. ऐनवेळी विचारून करायची सोयच नाही, म्हणून दोन्ही कामांत जे काही करायचं ते आधी ठरवून, लिहून, तपासून ठेवावं लागतं. आजवर ज्या मोहिमा फसल्या त्यातल्या बऱ्याच या आधीच्या कामातच फसल्या होत्या. कळलं मात्र नंतर.

आवाज केवढा बारीक?

उशिराइतकीच दुसरी अडचण म्हणजे लहरीचं पसरणं. आकाशवाणी सांगलीचा कार्यक्रम मीडियम वेव्हवर येतो. त्या लहरीची लांबी शेकडो मीटर असते आणि ती चहूकडे पसरते, कारण ऐकणारे चहूकडे आहेत. मंगळाजवळच्या यानाला तसं करून चालणार नाही. त्याला साधारण साडेतीन सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरून, वाटीसारख्या अँटेनाने त्या एकाच दिशेला रोखाव्या लागतात.

आकड्यांत पाहू. २००६ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर’वर ३ मीटर व्यासाची अँटेना आणि १०० वॉटचा प्रक्षेपक आहे. एवढ्या अँटेनातून निघालेला झोत पाऊण अंशाहून जरासा रुंद असतो. ऐकायला अरुंद वाटतो, पण २२.५ कोटी किलोमीटर चालून तो पृथ्वीपाशी येतो तेव्हा त्याची रुंदी ३० लाख किलोमीटरच्या वर गेलेली असते, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या अडीचशे पट. त्यातला ७० मीटर व्यासाच्या अँटेनात जेवढा पडेल तेवढाच आपला. गणित केलं तर एका वॉटचे पन्नास-पंचावन्न लाख कोटी भाग करून त्यातला एक भाग हाती येतो. एवढी बारीक लहर ओळखायची तर ऐकणाऱ्या यंत्राची स्वतःची खरखर आधी बंद करावी लागते. म्हणून पहिला अ‍ॅम्प्लिफायर उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवतात.

अंतर दुप्पट झालं की हाती येणारी शक्ती चौथाई होते. मंगळ जवळचा लांब गेला की अंतर सात पट वाढतं आणि शक्ती पन्नासावा हिस्सा राहते. म्हणूनच यानाचा माहिती पाठवायचा वेग वर्षभर एकसारखा नसतो. हेच ऑर्बिटर मंगळ जवळ असताना सेकंदाला ६० लाख बिटांपर्यंत (बिट म्हणजे माहितीचा सगळ्यात छोटा तुकडा, ० किंवा १) पाठवतं आणि लांब असताना ५ लाखांच्या आसपास उतरतं.

तरी हा मोठाच पल्ला आहे. जुलै १९६५ मध्ये ‘मरिनर ४’ मंगळाजवळून गेलं तेव्हा त्याचा वेग होता सेकंदाला ८.३३ बिट. एक चित्र २०० गुणिले २०० ठिपक्यांचं, प्रत्येक ठिपक्याला ६ बिट, म्हणजे २,४०,००० बिट. भागाकार करा: एका चित्राला ८ तास.

साताऱ्यातून निघालेला निरोप

समजा साताऱ्यातून एक ओळ मंगळावरच्या गाडीला पाठवायची आहे. इथून ती साध्या इंटरनेटने मोठ्या अँटेनापर्यंत जाईल. आपल्या देशात असं केंद्र बंगळूरुजवळ ब्यालालूला आहे. तिथे इस्रोच्या ३२ आणि १८ मीटर व्यासाच्या अँटेना आहेत. ब्यालालू साताऱ्याच्या साडेतीन अंश पूर्वेला असल्यामुळे मंगळ तिथे माथ्यावर आपल्याआधी साधारण १४ मिनिटं येतो. पण कुठल्याही एका जागेवरून मंगळ दिवसातले बारा-एक तासच क्षितिजाच्या वर असतो. म्हणून नासाने कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन, स्पेनमधलं माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा अशी तीन केंद्रं पृथ्वीभोवती साधारण १२० अंशांच्या अंतराने उभी केली. एकाच्या आकाशातून मंगळ मावळायच्या आत दुसरं त्याला धरतं.

पाठवताना अँटेना मंगळ आत्ता जिथे दिसतो तिथे रोखून भागत नाही. निरोप पोचेल तेव्हा तो जिथे असेल तिथे रोखावी लागते. पृथ्वीवरून हुकूम पाठवायला २० किलोवॉटचा प्रक्षेपक वापरतात. जमिनीवर विजेची ददात नाही. यानावर मात्र एकेक वॉट मोजून असतो.

जमिनीवरच्या गाडीकडे मोठी अँटेना नसते. ‘क्युरिऑसिटी’ थेट पृथ्वीशी बोलते तेव्हा सेकंदाला ५०० ते ३२,००० बिट एवढाच तिचा आवाका. त्यामुळे हुकूम थेट येतात, पण फोटो आणि मोजमापं ती डोक्यावरून जाणाऱ्या ऑर्बिटरला देते आणि तो ती पुढे धाडतो. गाडीपासून ऑर्बिटर काही शे किलोमीटरवरच असल्याने हा वेग सेकंदाला २० लाख बिटांपर्यंत जातो. ऑर्बिटर आकाशात दिसतो मात्र एका फेरीत आठ-दहा मिनिटं. तेवढ्यात माल चढवायचा. उरलं ते पुढच्या फेरीला. म्हणून गाडी आधी अंगठ्याएवढी छोटी चित्रं पाठवते. इथले लोक ती बघून कुठलं मोठं चित्र हवं ते सांगतात.

वाटेत बिट बिघडतात. आपला मोबाईल किंवा संगणक अशा वेळी "हा तुकडा परत पाठव" म्हणतो. मंगळाला असं म्हणायचं तर उत्तर यायला पाऊण तास. त्यापेक्षा पाठवतानाच माहितीत अशी भर घालतात की काही बिट चुकले तरी उरलेल्यांवरून मूळचे हिशोबाने काढता यावेत. ही भर थोडीथोडकी नसते. काही पद्धतींत एका कामाच्या बिटामागे पाच जादा बिट जातात. इंटरनेटची नेहमीची रीतही इथे निरुपयोगी आहे, कारण तिच्यात दोन्ही टोकं सतत एकमेकांना होकार देत राहतात. अवकाशासाठी ‘साठवा आणि पुढे पाठवा’ ही रीत आहे. वाटेतलं प्रत्येक यान निरोप जपून ठेवतं आणि पुढची वाट मोकळी झाली की सोडतं.

लेसरने हे चित्र बदलेल. नासाच्या ‘सायकी’ यानावरच्या लेसर यंत्राने डिसेंबर २०२३ मध्ये ३.१ कोटी किलोमीटरवरून सेकंदाला २६.७ कोटी बिट वेगाने व्हिडिओ पाठवला. पण लेसरचा झोत फार बारीक, रोखायला अवघड, आणि पृथ्वीवर ढग आले की बंद. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरचा विचार केला तर एका गावात अँटेना बांधून हे काम होणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

दर २६ महिन्यांनी मंगळ सूर्याच्या मागे जातो. तेव्हा लहर सूर्याजवळच्या तप्त वायूतून जाताना फाटते. अर्धवट पोचलेला हुकूम न पोचलेल्या हुकमापेक्षा वाईट. त्यामुळे साधारण दोन आठवडे हुकूम पाठवणंच बंद ठेवतात आणि गाड्यांना आधी दिलेल्या यादीवर सोडतात. आणि हुकूम शुद्ध पोचला तरी तो चुकीचा असू शकतो. १९७६ मध्ये उतरलेलं ‘व्हायकिंग १’ सहा वर्षं चाललं. नोव्हेंबर १९८२ मध्ये इथून गेलेल्या एका सदोष हुकमाने त्याच्या संगणकातला अँटेना रोखण्याचा भाग पुसला गेला आणि ते कायमचं गप्प झालं. यंत्र धड होतं. त्याला पृथ्वी कुठे आहे ते कळेना, एवढंच.

जायचं कधी, ते मंगळ ठरवतो

यान सूर्याभोवती शून्यातून पळायला लागत नाही. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला २९.८ किलोमीटरने धावते आणि तो वेग यानाला फुकट मिळालेला असतो. कृष्णेला पाणी असताना सांगलीच्या घाटावरून होडी सांगलीवाडीला न्यायची तर नावाडी समोरच्या काठाकडे सरळ नाक धरत नाही. ओढ धरून तिरका जातो, आणि कुठे लागायचं ते निघतानाच ठरवतो. यानाचंही तसंच आहे. पृथ्वीच्या वेगात सेकंदाला आणखी २.९ किलोमीटर मिळवले की त्याची वाट लांबट होते आणि तिचं पलीकडचं टोक मंगळाच्या कक्षेला टेकतं. या वाटेला २५९ दिवस लागतात आणि त्यातला बहुतेक सगळा वेळ इंजिन बंद असतं.

आता साधा हिशोब. मंगळाचं वर्ष ६८७ दिवसांचं. २५९ दिवसांत तो सुमारे १३६ अंश पुढे सरकतो. यान अर्धी फेरी, म्हणजे १८० अंश करतं. दोघांनी एकाच जागी एकाच वेळी यायचं तर निघताना मंगळ पृथ्वीच्या ४४ अंश पुढे हवा. ही स्थिती दर २६ महिन्यांनी येते आणि काही आठवडेच टिकते. ती हुकली की पुढची दोन वर्षं गेली. इंधन पुष्कळ असेल तर चुकीच्या वेळी निघता येतं, पण त्या ‘पुष्कळ’मध्ये बाकीचं यान मावत नाही.

कक्षा अगदी गोल नसल्याने प्रत्यक्षातल्या वाटा थोड्या वेगळ्या पडतात. ‘पर्सिव्हरन्स’ गाडीला २०३ दिवस लागले. आपल्या मंगळयानाला पृथ्वी सोडल्यापासून २९८.

मंगळयानाची गोष्ट तपशिलात बघण्यासारखी आहे, कारण तिथे हातातलं रॉकेट लहान होतं. ५ नोव्हेंबर २०१३ ला इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने १,३३७ किलोचं यान पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं. त्यातलं ८५२ किलो नुसतं इंधन. पीएसएलव्हीत थेट मंगळाकडे फेकायची ताकद नव्हती, म्हणून यान दर वेळी कक्षेच्या खालच्या टोकाला आलं की इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि वरचं टोक आणखी लांब न्यायचं, असं टप्प्याटप्प्याने केलं. खालच्या टोकालाच का? तिथे यान सगळ्यात वेगात असतं आणि वेगात असताना जाळलेल्या त्याच इंधनातून जास्त ऊर्जा पदरात पडते.

११ नोव्हेंबरच्या चौथ्या टप्प्यात अडकलं. इंधनाची झडप विजेने उघडणारं मुख्य वेटोळं आणि राखीव वेटोळं दोन्ही एकाच वेळी चालू करून पाहण्याची चाचणी त्यात होती. तसं करताच इंधनाचा प्रवाहच थांबला. वेगात सेकंदाला १३० मीटरची भर हवी होती, पडली ३५ मीटरची. यान पृथ्वीजवळच असल्याने दुसऱ्याच दिवशी जादा टप्पा करून ती तूट भरून काढली. मंगळापाशी अशी सवड नसते. म्हणून ज्या गोष्टी बिघडू शकतात त्या घराजवळ असतानाच बिघडवून पाहाव्यात, आणि हा टप्पा त्याचा चांगला नमुना आहे.

१ डिसेंबरच्या पहाटे इंजिन २२ मिनिटं चाललं आणि यान निघालं. पुढे वाट दुरुस्त करायच्या चार वेळा ठरल्या होत्या. नेम इतका बरोबर होता की ऑगस्टमधली दुरुस्ती लागलीच नाही. खरी धास्ती होती ती ४४० न्यूटनच्या (न्यूटन हे जोराचं माप) त्या मुख्य इंजिनाची. ते जवळजवळ ३०० दिवस बंद होतं. झडपा चिकटल्या, नळ्यांत गळती झाली, तर यान मंगळाजवळून सरळ पुढे निघून जाणार. २२ सप्टेंबर २०१४ ला ते फक्त ४ सेकंद चालवून पाहिलं. चाललं नसतं तर २२ न्यूटनच्या आठ छोट्या इंजिनांवर काम भागवायची दुसरी यादीही तयार होती.

२४ सप्टेंबरला सकाळी इंजिन २३ मिनिटांहून थोडं जास्त चाललं आणि यानाचा वेग सेकंदाला १,०९९ मीटरने कमी झाला. लहरीला तेव्हा १२ मिनिटं लागत होती, आणि इंजिन चालू असतानाच यान मंगळाच्या आड गेलं. ब्यालालूहून कोणीही काहीही करू शकत नव्हतं. सगळे हुकूम दहाएक दिवस आधी घड्याळ लावून यानात भरलेले होते. इंजिन खरंच चाललं हे कळतं ते लहरीच्या वारंवारतेवरून: यानाचा वेग बदलला की ती ठरलेल्या प्रमाणात सरकते. खर्च ४५० कोटी, नियोजित आयुष्य सहा महिने. प्रत्यक्षात यानाशी संपर्क २०२२ पर्यंत होता.

उतरताना विचारायला कोणी नाही

मंगळाच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. यान तापायला ती पुरेशी आहे, थांबवायला नाही. अशी अडनिडी हवा दुसरीकडे क्वचित सापडेल. पर्सिव्हरन्स ताशी १९,५०० किलोमीटरच्या आसपास आत शिरली. आधी उष्णतारोधक ढाल, मग ११ किलोमीटर उंचीवर २१.५ मीटरची हवाई छत्री. तरीही वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास उरतो, म्हणून शेवटी रॉकेटं. एकूण सात मिनिटं. निरोपाला त्या दिवशी ११ मिनिटं लागत होती, म्हणजे "आत शिरले" ही बातमी इथे आली तेव्हा गाडी जमिनीवर पोचून चार मिनिटं झालेली होती. उतरायची जागाही तिने स्वतःच निवडली: कॅमेऱ्याचं चित्र पोटातल्या नकाशाशी ताडून दगडधोंडे टाळले.

यंत्रावर निर्णय सोपवला की त्याचं आंधळेपणही आलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपच्या ‘स्कियापरेली’ची छत्री उघडली तेव्हा ते जोरात हेलकावलं. फिरणं मोजणारं उपकरण त्याच्या मर्यादेला टेकलं आणि सेकंदभर तिथेच अडकलं. त्या एका सेकंदावर विसंबून संगणकाने उंची काढली, ती आली शून्याच्या खाली. म्हणजे आपण जमिनीत आहोत! त्याने छत्री सोडून दिली, रॉकेटं ३ सेकंदांत बंद केली. यान तेव्हा जमिनीपासून पावणेचार किलोमीटरवर होतं. उंची शून्याखाली येऊच शकत नाही, एवढी एक ओळ तपासायला ठेवली असती तर बहुधा निभावलं असतं.

त्याआधीचं १९९९ चं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ तर प्रत्येक अभियांत्रिकी कॉलेजच्या भिंतीवर लावावं असं प्रकरण आहे. एका गटाची आज्ञावली छोट्या इंजिनांचा धक्का पौंडात देत होती, दुसरा गट तो न्यूटनमध्ये समजत होता. फरक ४.४५ पटींचा. प्रत्येक धक्का किरकोळ, पण नऊ महिन्यांत साठत गेले. यान मंगळापासून २२६ किलोमीटरवरून जायचं ते ५७ किलोमीटरवर आलं आणि हवेत संपलं. आकडे जुळत नाहीत अशी शंका काहींना आली होती. ती रीतसर नोंदवून तडीस नेली गेली नाही.

माणूस न्यायचा तर

गाडीला भूक लागत नाही आणि परत यायचं नसतं. माणसाचं गणित इथूनच बदलतं. २५९ दिवस जायला. पोचल्यावर लगेच परत फिरता येत नाही, कारण परतीचा योग जुळेपर्यंत तिथे सुमारे ४५० दिवस थांबावं लागतं. मग पुन्हा २५९. एकूण साधारण ९७० दिवस, म्हणजे अडीच वर्षांच्या वर.

चार माणसं धरा. एकाला दिवसाला ०.८४ किलो ऑक्सिजन, म्हणजे सगळ्यांना मिळून सव्वातीन टन. वेष्टनासकट अन्न माणशी दिवसाला १.८ किलो, एकूण ७ टन. पाण्याचं बरं आहे: अंतराळ स्थानकात घाम, मूत्र आणि हवेतली वाफ गाळून ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली आहे. ऑक्सिजन मंगळाच्या कार्बन डायऑक्साइडपासून बनवता येतो हेही पर्सिव्हरन्सवरच्या ‘मॉक्सी’ यंत्राने दाखवलं. दोन वर्षांत १६ वेळा चालून त्याने १२२ ग्रॅम ऑक्सिजन बनवला. एका माणसाला साडेतीन तास पुरेल एवढा. रीत सिद्ध झाली, कारखाना अजून बाकी आहे.

किरणोत्साराची बाजू जास्त अवघड. प्रवासात दिवसाला १.८ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराचं माप), जमिनीवर ०.६७ च्या आसपास, अशी मोजमापं क्युरिऑसिटीने घेतली आहेत. ९७० दिवसांची बेरीज १,२०० मिलिसिव्हर्टच्या वर जाते, आणि नासाने अंतराळवीराला आयुष्यभरासाठी घातलेली मर्यादा ६०० आहे. जाड पत्रे लावून सुटत नाही. वेगवान कण धातूवर आदळून आणखी कण उडवतात. पाणी किंवा पॉलिथिनसारखे हायड्रोजन जास्त असलेले पदार्थ त्यापेक्षा बरे, म्हणून पाण्याच्या टाक्याच झोपायच्या जागेभोवती ठेवायचा विचार आहे. वजनरहित अवस्थेत हाडांची घनता महिन्याला एक-दीड टक्का उतरते. व्यायाम न चुकवता केला तर ती बऱ्याच अंशी रोखता येते.

आणि पुन्हा तोच उशीर. अंतराळ स्थानकातल्या माणसाच्या पोटात दुखलं तर पृथ्वीवरचा डॉक्टर लगेच बोलतो, गरज पडली तर काही तासांत त्याला खाली आणता येतं. मंगळाच्या वाटेवर अपेंडिक्स फुगलं तर डॉक्टर, औषधं, शस्त्रक्रियेची हत्यारं आणि निर्णय घ्यायचा अधिकार, सगळं यानातच हवं. निम्म्या वाटेवरून वळून घरी येणं नाही.

निघायचा पुढचा योग २०२६ च्या अखेरीचा. त्यानंतर १९ फेब्रुवारी २०२७ ला मंगळ पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो. त्या सुमारास तो सिंह राशीत असेल, सूर्य मावळताना पूर्वेला उगवेल आणि रात्रभर दिसेल. साताऱ्याहून कासच्या बाजूला शहराचे दिवे मागे टाकले की तांबूस रंग साध्या डोळ्यांनी ओळखता येतो. अंतर तेव्हा सुमारे १०.१ कोटी किलोमीटर, म्हणजे निरोपाला साडेपाच मिनिटांपेक्षा थोडं जास्त. आत्ता कुठली अँटेना कुठल्या यानाशी बोलते आहे आणि लहरीला जाऊन यायला किती वेळ लागतो आहे, ते नासाच्या ‘डीएसएन नाऊ’ या पानावर कोणालाही फुकट बघता येतं. आणि मंगळ चंद्राएवढा दिसणार असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर पुढे ढकलू नका. २००३ मध्ये तो खूप जवळ आला होता, तेव्हापासून दर ऑगस्टला ही अफवा फिरते, आणि त्या वर्षीही तो डोळ्यांना एका ठळक ठिपक्याएवढाच दिसला होता.